छाप घेतल्याशिवाय

चिंचणीच्या हरेश्वर सावेच्या हातात नारळ दिलात तर तो आधी कानाशी धरून हलवील. मडकं दिलंत तर टिचकी मारील. यात विशेष काही नाही, एवढं कुणीही करतं. पण हरेश्वर नवी बादली वाजवतो, नवी कढई वाजवतो, आणि ग्रामपंचायतीनं नाक्यावर विजेचा नवा खांब बसवला तेव्हा त्यालाही त्यानं दोन टिचक्या मारल्या असं लोक सांगतात. खांबाचं खरं-खोटं देव जाणे. बाकीचं मात्र सगळं खरं आहे.

त्यात त्याचा दोष नव्हता. चाळीस वर्षं तो डाय करत आला होता. डाय म्हणजे पोलादाचा मुठीएवढा ठोकळा. त्यावर कानातल्याची, पदकाची, मंगळसूत्राच्या वाटीची नक्षी उलटी कोरायची. मग सोनार त्या ठोकळ्यावर सोन्याचा पत्रा ठेवून दाब देतो आणि दागिना उठतो. चिंचणी-वरोरच्या पट्ट्यात एके काळी घरोघरी हे काम चालायचं. दुपारी गल्लीतून गेलं की दोन्ही बाजूंनी छिन्न्यांची टकटक ऐकू यायची. कोरून झाला की ठोकळा भट्टीत लाल करून तेलात बुडवायचा, म्हणजे पोलाद कडक होतं. त्या वेळी आत केसभर तडा गेला तर तो डोळ्याला दिसत नाही. म्हणून ठोकळा हातोडीनं वाजवून बघायचा. धड असला तर खणखणीत वाजतो, तडकलेला असला तर बद्द. आणि खणखणीत वाजला तरी लगेच सोन्याच्या वाटेला जायचं नाही. पहिली छाप शिशाच्या तुकड्यावर घ्यायची, ती स्वतःच्या डोळ्यांनी बघायची आणि मगच डाय सोनाराच्या हाती द्यायची. हरेश्वरचा बाप मरताना फारसं काही बोलला नाही, पण जिवंतपणी एकच वाक्य त्यानं हजार वेळा सुनावलं होतं, "छाप बघितल्याबिगर व्हय म्हनू नको."

बापाचं हे वाक्य पोरानं जरा जास्तच मनावर घेतलं. वरोरच्या जमनाचं स्थळ सांगून आलं होतं. मुलगी शिकलेली, हसरी, शिवणकामात तरबेज. हरेश्वरला ती आवडलीही होती. पण घरी येऊन तो म्हणाला, "दोन-चार महिने बघू, मानसं कशी हायत ती कळतील." जमनाच्या घरच्यांनी दिवाळीपासून होळीपर्यंत वाट बघितली. मग त्यांनी तिला सातपाटीला देऊन टाकली आणि लग्नाची पत्रिकाही रीतसर धाडली. आई कपाळावर हात मारून म्हणाली, "बाबा रे, पोरगी म्हनजे काय डाय हाय?" त्यानंतर दोन स्थळं आली आणि गेली, मग येईनाशी झाली.

आई जाऊन अकरा वर्षं झाली. डायचं काम कॉम्प्युटरवरची मशीनं करायला लागली. जी नक्षी कोरायला हरेश्वरला चार दिवस लागायचे ती मशीन जेवणाच्या सुट्टीत उरकतं. कारखान्यातली तीन माणसं एकेक करून एमआयडीसीत लागली आणि हरेश्वर एकटा उरला. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, चार खोल्यांचं घर आणि मागे कारखाना म्हणून उभी असलेली पत्र्याची शेड. दिवसभरात त्याच्या तोंडून निघणारे शब्द बोटांवर मोजता आले असते. पाववाल्याला "दोन", दूधवाल्याला "अर्धा", आणि कुणी रस्त्यात "काय चाललंय?" विचारलंच तर "चाललंय."

अशा माणसाच्या मनात स्पोर्ट्स कार असेल असं कुणाला वाटलं नसतं. पण होती, आणि चाळीस वर्षं होती. अठराएक वर्षांचा असताना चिंचणीच्या किनाऱ्यावर मुंबईच्या कुणा हौशी माणसाची लाल गाडी वाळूत रुतली होती. छप्पर नाही, सीटा दोनच. हरेश्वरनं आणि आणखी दोघांनी ती ढकलून वर काढली. मालकानं खुशीत येऊन हरेश्वरला शेजारच्या सीटवर बसवलं आणि नाक्यापर्यंत आणून सोडलं. गाडी जमिनीला इतकी चिकटलेली की रस्ता आपल्या ढुंगणाखालूनच पळतोय असं वाटायचं. पाच मिनिटांचा तो प्रवास हरेश्वरनं कुणाला सांगितला नाही. ज्याला बोलायचं ठाऊक नसतं त्याच्याकडे अशा गोष्टी जपून राहतात.

दोन वर्षांपूर्वी मासवणकडची आजोळची जमीन मोठ्या रस्त्यात गेली आणि हातात पैसा आला. त्याच सुमाराला नव्या गाडीची बातमी आली. लाल रंग, दोन सीटा, आणि आपल्यासारख्याला झेपेल अशी. साठी लागायच्या आत ही गाडी घ्यायची, असं हरेश्वरनं ठरवलं. साठीनंतर डोळे आणि गुडघे काय म्हणतील याचा भरवसा नव्हता. आयुष्यात एवढं एकच मागणं त्याच्याकडे उरलं होतं, त्यामुळे आता तरी तो उठून गाडी घेईल असं कुणालाही वाटेल. पण माशी शिंकली ती इंजिनापाशी.

आजवरच्या गाड्यांच्या इंजिनात एक दांडा फिरत असतो. आतल्या झडपा वेळेवर उघडायच्या आणि वेळेवर मिटायच्या, हे त्याचं काम. या नव्या गाडीत कंपनीनं तो दांडाच काढून टाकला होता. झडपा आता विजेवर चालणार होत्या, कॉम्प्युटर सांगेल तशा. वजन कमी, पेट्रोल कमी, जोर जास्त, असं जाहिरातीत म्हटलं होतं. हरेश्वरनं ते तीनदा वाचलं आणि त्याची झोप उडाली. ज्या दांड्यानं एवढी वर्षं इमानेइतबारे काम केलं त्याला एका कॉम्प्युटरनं घरी बसवलं, हे त्याला स्वतःच्या घरातलं वर्तमान वाटलं.

तो हायवेवरच्या शोरूममध्ये गेला. तिथे हेतल नावाची मुलगी होती, पंचविशीची, तोंडात साखर. तिनं गाडी दाखवली. हरेश्वरनं बॉनेटवर टिचकी मारली. तिनं हसू दाबलं.

"ही निघून किती दिवस झाले?" त्यानं विचारलं.

"सात महिने, काका."

"सात महिन्यांत मानसाचं पोर पन पुरतं होत नाय. झडप उघडी राहिली आनि खालून पिस्टन वर आला तर?"

"काका, असं होत नाही. आणि वॉरंटी आहे ना!"

"वॉरंटी कागदावर हाय. पिस्टन कागदाचा नाय."

हेतलनं त्याला गाडीत बसवून एक चक्कर मारून आणली. गाडी अशी गेली की हरेश्वर पुन्हा अठरा वर्षांचा झाला. उतरल्यावर तो म्हणाला, "चांगली हाय. पन ही नवी हाय. जुनी झाल्यावर कशी चालते त्ये मला दाखव." आता शोरूममधल्या पोरीनं नव्या गाडीची जुनी गाडी कुठून आणायची? महिनाभर त्याचे असे फोन येत राहिले. शेवटी तिनं सुटकेचा मार्ग शोधला. "काका, तुमच्या बाजूला आमचं एकच गिऱ्हाईक आहे, बोईसरला. आव्हाडसाहेब. मी त्यांना विचारलंय, ते बोलतील तुमच्याशी."

चंद्रभान आव्हाड मूळचे सिन्नरकडचे. तारापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षं मशीनं दुरुस्त केली होती आणि आता निवृत्त होऊन बोईसरला नवापूर रस्त्यावरच्या एका सोसायटीत राहत होते. पहिल्या फोनवर हरेश्वरनं नाव सांगितलं आणि थेट मुद्द्यावर आला. "तुमची गाडी किती चालली?"

"तेवीसशे."

"आवाज?"

पलीकडचा माणूस हसला. "सावेभाऊ, मशीन बोलतं. ऐकणारा पाहिजे. थांबा, मी तुम्हाला ऐकवतोच." चंद्रभान खाली उतरले, गाडी चालू केली आणि फोन बॉनेटपाशी धरला. हरेश्वरनं डोळे मिटून ऐकलं. खणखणीत होतं. पण एका छापेवर भाळणारा तो नव्हे. त्यानं अट घातली. तुमची गाडी पंचवीस हजार किलोमीटर बिनतक्रार चालली तर मी घेईन. तोवर दर रविवारी सकाळी दहाला मी फोन करीन, चालेल? चंद्रभान म्हणाले, "चालेल की. न चालायला काय झालं?"

असे रविवार सुरू झाले. हरेश्वर शनिवारपासूनच प्रश्न जुळवून ठेवायचा. थंड इंजिन पटकन लागतं का? घाटात दम लागतो का? तेल किती पितं? चंद्रभान सगळं सांगायचे. मनोरला जाऊन मिसळ खाल्ली, केळव्यापर्यंत गेलो, मासवणच्या पुलावर थांबलो आणि इंजिन गार होताना कसं कडकड वाजतं ते ऐकत बसलो. हरेश्वर शेडच्या दारावर आतल्या बाजूनं खडूनं आकडा लिहायचा. तेवीसशे, एकतीसशे, चार हजार. एवढं सगळं बोलून दोघं एकमेकांना काय विचारायचे नाहीत, ते पाहण्यासारखं होतं. घरी कोण असतं, तब्येत कशी आहे, जेवलात का, यातलं चकार अक्षर नाही. हरेश्वरला त्याची गरज वाटली नाही. रविवारी दहा वाजायच्या आधीच आपला हात फोनकडे जातो हे त्याच्या ध्यानात आलं होतं, पण ते त्यानं इंजिनाच्या काळजीवर घातलं.

दिवाळीनंतर दोन रविवार पलीकडून फोन उचललाच गेला नाही. हरेश्वरचं डोकं ठिकाणावर राहिलं नाही. इंजिन गेलं, त्यानं मनाशी म्हटलं. नक्की झडपच अडकली असणार. तिसऱ्या रविवारी फोन लागला.

"गाडी धड हाय ना?" त्यानं पहिल्यांदा हेच विचारलं.

चंद्रभान म्हणाले, "धड आहे. गावी गेलो होतो."

"किती झाले?"

"सात... सात हजार."

आवाज जड होता. शब्द तोंडातल्या तोंडात घोळत होते. तोंडात पान असेल, हरेश्वरला वाटलं. "जरा फोन इंजिनापाशी धरा ना," तो म्हणाला. चंद्रभान म्हणाले की लिफ्ट बंद आहे, पुढच्या वेळी. पुढच्या वेळी किल्ली सापडत नव्हती, त्याच्या पुढच्या वेळी गाडी धुवायला दिली होती. चौथ्यांदा हरेश्वरनं विचारलंच नाही. आपण फार टोकलं तर हा माणूस वैतागेल आणि फोन घ्यायचा बंद होईल, अशी एक भीती कुठून तरी आत शिरली होती. छाप बघितल्याशिवाय ज्यानं बायको केली नाही, तो माणूस आता नुसत्या ऐकीव आकड्यांवर खडू चालवू लागला. नऊ हजार चारशे. बारा हजार. सतरा हजार सहाशे. पावसाळा गेला, गणपती गेले. पान खाणाऱ्या चंद्रभानच्या गोष्टी मात्र आता पूर्वीपेक्षा लांबत चालल्या होत्या. जव्हारच्या घाटातलं धुकं, डहाणूच्या खाडीवरचे बगळे, मनोरच्या मिसळवाल्याला झालेली मुलगी. हरेश्वर कान देऊन ऐकायचा आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ शेडमध्ये तसाच उभा राहायचा.

दसऱ्यानंतरच्या रविवारी चंद्रभान म्हणाले, "पंचवीस हजार दहा. झाली तुमची अट पुरी. घ्या आता गाडी."

हरेश्वरला आनंद व्हायला हवा होता. पण पुढच्या रविवारी काय विचारायचं, हे त्याला सुचेना. तो म्हणाला, "उद्या येतो. मीटर डोळ्यांनी बघतो आनि मग शोरूमला जातो."

"कशाला उगाच त्रास?" चंद्रभान घाईघाईनं म्हणाले. "मी सांगतोय ना."

"नाय, नाय. शेवटची छाप बघाया पायजे."

दुसऱ्या दिवशी त्यानं वाडीतले पिकायला आलेले चिकू पिशवीत भरले, धुतलेला शर्ट घातला आणि बोईसरची एसटी पकडली. दीड वर्ष रोज ज्याचा विचार केला त्या माणसाला बघायला चाललोय, हे त्याला वाटेत कळलं. दारावरची बेल वाजवली तेव्हा एका पन्नाशीच्या बाईनं दार उघडलं. कपाळावर गोंदण, अंगावर गुडघ्यापर्यंतचं लुगडं. ही राहीबाई, विक्रमगडकडच्या पाड्यावरची.

"कोन पायजे?"

"आव्हाडसाहेब. गाडीचं बघाया आलोय. घरी हायत ना?"

"घरीच असतात. जातील कुठं?" राहीबाई बाजूला सरकली. "दिवाळी झाली न् त्यांची डावी बाजू गेली. तवापासून मीच बघते सारा. उठवाया दोन मानसं लागतात."

हरेश्वर उंबऱ्यातच थांबला. "कुठली दिवाळी?"

"गेली दिवाळी. दुसरी आली आता."

"मग गाडी कोन चालवतो?"

"कंची गाडी? खालची?" राहीबाईला हसू आलं. "ती कोन चालवील? झाकून ठेवलीय. तिच्या खाली मांजर व्यायली मागल्या महिन्यात."

चंद्रभान खिडकीशी खुर्चीत बसले होते. हरेश्वरच्या मनातला चंद्रभान धिप्पाड आणि मिशाळ होता. हा माणूस बारका होता, डावा हात मांडीवर ठेवून दिल्यासारखा पडला होता आणि तोंडाची एक कड खाली ओघळली होती. पान नव्हतं. भिंतीवर एका बाईचा हार घातलेला फोटो होता.

"सहा हजार एकशे चाळीस," चंद्रभान म्हणाले. शब्द सावकाश येत होते. "तिथंच थांबलीय. खरा आकडा तेवढाच."

"आनि बाकीचं? जव्हार? मिसळवाल्याची पोरगी?"

"जव्हारला पूर्वी गेलेलो. मिसळवाल्याचं... ते मनानं."

"का पन?"

चंद्रभाननं भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं. "माझी बायको रूपाली गेली आणि घर खायला उठलं. म्हणून ही गाडी घेतली. निदान बाहेर तरी पडेन म्हटलं. पाच-सहा महिने पडलोही. मग हे झालं. बबलू, माझा मुलगा, बंगळुरूला असतो. तो आला, आठ दिवस राहिला, ही बाई लावून दिली आणि गेला. त्याला तरी नोकरी आहे. आणि त्या रविवारी तुमचा फोन आला. खरं सांगणार होतो हो. पण तुम्ही विचारलंत किती झाले, आणि तोंडातून आकडा गेला." उजव्या हातानं त्यांनी ओठाची कड पुसली. "गाडी बंद आहे म्हटलं असतं तर पुढच्या रविवारी तुम्ही मला फोन कशाला केला असता?"

याला उत्तर होतं. ते हरेश्वरला माहीत होतं, म्हणूनच त्याला इतका राग आला. चाळीस वर्षांत त्याच्या हातून एकही डाय छापेशिवाय गेली नव्हती आणि वर्षभर त्यानं खोट्याच आकड्यांवर खडू फिरवला होता. "तुमच्या जिभेवर मी गाडी घेनार होतो," तो म्हणाला. "एवढं आयुष्य मी कुनाच्या जिभेवर काय घेतलं नाय."

चंद्रभाननं टेबलाकडे मान केली. तिथे किल्ली होती. "घेऊन जा. चालू करून बघा. तुमची छाप तुम्हीच घ्या."

हरेश्वरनं चिकूची पिशवी खाली ठेवली आणि किल्लीला हात न लावता जिना उतरला. खाली गाडी होती. त्यानं कव्हराचं एक टोक वर केलं. लाल रंगावर कव्हराच्या शिवणीचे पांढुरके ओरखडे उठले होते, टायर बसले होते आणि खालून तीन पिल्लांनी त्याच्याकडे बघितलं. सवयीनं त्यानं बॉनेटवर टिचकी मारली. त्यातून इंजिनाबद्दल काहीच कळत नव्हतं. कव्हर परत खाली ओढून तो एसटी स्टँडकडे चालू लागला.

घरी आल्यावर त्यानं ओल्या फडक्यानं शेडचं दार पुसलं. खडू होता, एका पुसण्यात गेला. दाराचा रंग तेवढ्या जागी उजळ दिसू लागला आणि ते जास्तच वाईट दिसलं.

रविवार आला. दहा वाजले. हरेश्वरनं फोन केला नाही. साडेदहाला तो उठून शेडमध्ये गेला आणि हाताला चाळा म्हणून फळीवरच्या जुन्या डाय काढून बसला. एकेक पुसायची, हातोडीनं वाजवायची, परत ठेवायची. बापाच्या वेळची मोराची डाय खणखणीत वाजली. द्राक्षाचा घड खणखणीत. कमळाची डाय उचलली, वाजवली, आणि ती बद्द वाजली. हा आवाज आपण हल्लीच ऐकलाय, असं त्याला वाटलं. डायमध्ये नव्हे. मग त्याचा हात थांबला. गेल्या दिवाळीनंतरचा तो तिसरा रविवार, "धड आहे, गावी गेलो होतो." केसभर तड्याचा आवाज गर्दीत ओळखणारा हा कान. त्यानं त्या दिवशीही ओळखला होता. ओळखला होता आणि त्याच्यावर पान घातलं होतं, कारण त्याला माणसाचं काही ऐकायचं नव्हतं, इंजिनाचं ऐकायचं होतं. एक माणूस वर्षभर दर रविवारी त्याच्या कानात बद्द वाजत होता आणि हा त्याला विचारत होता, तेल किती पितं?

हरेश्वरला रडू आलं. आई गेली तेव्हाही तो लोक गेल्यावर रडला होता. आता तर घरात कुणी नव्हतंच, त्यामुळे थांबायचंही कारण नव्हतं.

मंगळवारी हेतलचा फोन आला. "काका, पंचवीस हजार झाले म्हणे! आव्हाडकाकांनी दसरा झाल्या झाल्या सांगितलं मला. मग लाल रंग बुक करू ना?"

"नको."

"का हो? अजून शंका आहे इंजिनाची?"

"हाय. पन ती मी बघतो. तू आपली मला एक सांग, गाडी वर्षभर उभी राहिली तर चालू कराया काय काय लागतं?"

हेतलनं बॅटरीचं सांगितलं, जुनं पेट्रोल काढून टाकायला सांगितलं आणि आमचा माणूस लॅपटॉप घेऊन आला तर बरं, असं म्हणाली. झडपांचं काय होईल ते तिलाही ठाऊक नव्हतं. वर्षभर उभी राहिलेली अशी गाडी कंपनीनंही अजून पाहिली नव्हती. हरेश्वरनं नीट ऐकून घेतलं. पहिल्यांदाच एखाद्या गोष्टीची खात्री नसल्याचं त्याला फारसं वाईट वाटलं नाही.

बुधवारी दुपारी त्यानं भात शिजवला, कालचं कालवण गरम केलं आणि ताट वाढून घेतलं. मग ताट तसंच ठेवून फोन उचलला. रविवार नव्हता, दहाही वाजले नव्हते, आणि विचारायला एकही प्रश्न जुळवलेला नव्हता. पलीकडे बराच वेळ घंटी वाजली.

"सावेभाऊ?" चंद्रभानच्या आवाजात विश्वास नव्हता. "आज बुधवार आहे."

"हो."

"गाडीचं काही...?"

"रविवारी येतो. बॅटरीवाल्याला संग घेऊन. तुमाला खाली उतरवाया मी आनि राहीबाई पुरे हाव. लागली तर लागली, नाय लागली तर नुसते बसू दोघं आत. किल्ली काढून ठेवा."

"बरं," चंद्रभान म्हणाले. हरेश्वरनं फोन कानाशी घट्ट धरला. पलीकडचा श्वास ऐकू येत होता, थोडा घरघरता, डावीकडून अडल्यासारखा. तो त्यानं पुरता ऐकून घेतला. पुढचे शब्द सोपे होते, पण त्याच्या तोंडाला त्यांची सवय नव्हती, म्हणून त्यांना वेळ लागला.

"जेवलात का?" त्यानं विचारलं.

पलीकडे चंद्रभाननं नाक ओढलं.

"नाही अजून. राहीबाई भाकरी टाकतेय. तुम्ही?"

"ताट वाढलंय," हरेश्वर म्हणाला, आणि फोन ताटाशेजारी तसाच चालू ठेवून त्यानं भात कालवायला घेतला.